खंडेनवमीचं भाषांतर

आमच्या कंपनीचं पुढचं धोरण सगळ्यात आधी मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरला कळायचं. म्हणजे त्याला कोणी सांगायचं नाही, आम्ही त्याच्याकडे बघून ओळखायचो. गाडी धुताना त्याने शिट्टी वाजवली की मोठी ऑर्डर आली. कँटीनमधे पाहुण्यांच्या काचेच्या प्लेटा निघाल्या की कुणीतरी कंपनी बघायला येणार, म्हणजे घेणार. गेटजवळच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला की व्यवहार झालाच. या हिशोबाने आमची कंपनी माझ्यादेखत सहा-सात वेळा विकली गेली होती. त्यातल्या दोन वेळा जपान्यांना.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर दाबून काढायचे आणि पुढच्या शेडमधे त्यांची जोडणी करायची, एवढंच काम. मी टाइम ऑफिसात कारकून. हजेरी, रजा, गेटपास आणि अफवा ही चार खाती माझ्याकडे होती. चौथं खातं मी स्वतःहून, विनामोबदला सांभाळत असे आणि त्यात माझी प्रगती उत्तम होती.

मग नवे डायरेक्टर आले. दक्षिणेकडचे, शांत, मराठी शून्य. हिंदी अशी की त्यांनी पाणी मागितलं तरी कँटीनवाला दचकून उभा राहायचा. आल्या आल्या त्यांनी शेडमधे उभं राहून ड्रायव्हर, प्लेटा आणि गेरू-चुन्याची ही सगळी विद्या कुणाकडून तरी ऐकली. ऐकवणारा अर्थात मीच होतो. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. इंग्रजीत म्हणाले, "आपल्याच कामाचं काय होणार हे माणसांना झाडाच्या चुन्यावरून ओळखावं लागतं, ही शरमेची गोष्ट आहे. मी त्यांना स्वतः सांगेन. माझं बोलणं मराठीत कोण सांगेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. एक तर मी बी.ए., त्यातून मुंबईच्या एका ऑफिसात दोन वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केलेली. पण खरं कारण वेगळं होतं. शहापूरजवळच्या आमच्या गावात जत्रेला नाटक व्हायचं आणि त्यात मी दरवर्षी काम करायचो. एकदा मरणाच्या प्रवेशात मी इतका वेळ मेलो की शेवटी पडदा ओढणाऱ्याने ओरडून विचारलं, "आटपलं का रे?" आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. कारखान्यात तेवढं पुरेसं होतं.

आता माझ्या दोस्ताबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

तो प्रेसशॉपमधे डाय सेटर होता. प्रेसवर साचा बसवायचा, पत्रा कुठे किती दबतो ते हाताने चाचपून ठरवायचं, हे त्याचं काम. किन्हवलीकडच्या गावचा, घरी भातशेती, आईबाप, बायको आणि दोन लहान मुली. मी शहापूरला कंपनीच्या बसमधे बसायचो, तो वाटेत चढायचा आणि रोज म्हणायचा, "सरक रे नाटक्या." त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. प्रेसशॉपमधे कुणी कुणाची बोटं मोजत नसे.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी त्याला रेल्वेचं पत्र आलं. कधीकाळी दिलेल्या परीक्षेचा निकाल त्यांना अचानक आठवला होता. कसाऱ्याला गँगमनची जागा, पर्मनंट. अमुक तारखेच्या आत हजर व्हा, नाहीतर तुमचा हक्क संपला, असं खाली लिहिलेलं. त्याचं वय निघून चाललं होतं, पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. पत्र खिशात घालून तो बसमधे चढला, मला सरकवलं आणि बसला.

"बायको बोलते, जा. सरकारी हाय. बाप बोलतो, घाटात दरड डोक्यावर येल, हाय ते सोडू नको."

"तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं हितं बरं हाय. ओव्हरटाइम धरला तर पगार जास्ती. डाय माझ्या हातच्या हायेत. पण कंपनी ऱ्हानार का, ते कोन सांगनार? तुमचा ड्रायव्हर?"

"खंडेनवमीला नवे साहेब बोलणारेत. सगळं धोरण सांगणारेत, आणि मराठीत मी सांगणार आहे."

तो खूश झाला. "मंग झालं! साहेब बोलंल त्याच्यावर माझं ठरलं. मुदत त्याच्यानंतर पाच दिवसांची हाय. पण तू नीट सांग हां. मरू नको मधीच."

खंडेनवमी साहेबांनी निवडली ती भाबडेपणाने. त्या दिवशी तिन्ही पाळ्यांची माणसं एकत्र येतात, यंत्रं बंद असतात, बोललेलं ऐकू येतं. त्यांना एवढंच दिसलं. त्या दिवसाबद्दल आमच्या प्रेसशॉपची समजूत काय होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. खंडेनवमीला प्रेस धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजतात. त्या दिवशी यंत्र ऐकतं, असं आमच्याकडे मानत. यंत्रासमोर वाईट बोललं, बंद पडायची, जायची गोष्ट केली, तर वर्षाच्या आत ते कुणाचं तरी बोट घेणार. हसू नका. बोटं खरंच जायची, आणि गेली की सगळे आठवून बघायचे, गेल्या खंडेनवमीला कोण काय बोललं होतं.

आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमधे बसवलं. एका कागदावर हाताने चार वाक्यं लिहिली होती. दिवाळीनंतर प्रेसशॉप इथून हलवून दुसऱ्या राज्यात नेणार. इथे फक्त जोडणी आणि पॅकिंग राहील, त्याला निम्म्याहून कमी माणसं लागतील. ज्यांना जोडणीचं काम शिकायचं आहे त्यांनी आत्ताच नावं द्यावीत. आणि चौथं वाक्य, ज्याच्या हातात दुसरी नोकरी असेल त्याने ती जरूर घ्यावी, कंपनी कुणाला अडवणार नाही.

मी कागद दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "वाईट बातमी आहे, मला माहीत आहे. म्हणून ती साध्या शब्दांत सांग. काही घालू नकोस, काही काढू नकोस."

बाहेर आलो तर पर्सोनेल मॅनेजर उभे. कल्याणचे, आपलेच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"कागद वाचलास?"

"वाचला."

"पूजेच्या मांडवात असं बोलतात का? साहेबांना कळत नाही, तुला तरी कळतं ना? उद्या आरडाओरडा झाला तर साहेब जातील विमानाने. आपण दोघं इथेच आहोत. जरा गोड करून सांग. खरं काय ते मग सावकाश सांगू, दिवाळीचा बोनस घेऊन लोक घरी गेले की."

मी नाही म्हणालो नाही, हे खरं.

दुसऱ्या दिवशी प्रेसशॉपच्या शेडमधे मांडव. माळा घातलेल्या प्रेस दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या, मधे सतरंजीवर माणसं, हातात शिऱ्याचा प्रसाद. दोस्त पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला, पत्र खिशात. खिसा फुगलेला मला स्टेजवरून दिसत होता. साहेब पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. माईक माझ्या हातात आला.

आता खोटं कशाला सांगू? तो माईक हातात आला आणि मला बरं वाटलं. एवढी माणसं, एवढी शांतता, गावच्या जत्रेत कधी मिळाली नव्हती. मी म्हणालो, "मंडळी, दिवाळीनंतर आपली कंपनी कात टाकणार आहे!" साहेबांच्या एका वाक्याला माझी पाच. प्रेस हलवणार याचं झालं, जुनं जाईल, नवं येईल. निम्मी माणसं लागतील याचं झालं, काम वाढेल, कामाची तऱ्हा बदलेल. जोडणीसाठी नावं द्या याचं झालं, शिकेल त्या हुशार माणसाचं चीज होईल. साहेब मधेच वळून मॅनेजरांना विचारताना दिसले की एवढं लांब का? मॅनेजर म्हणाले, "मराठी लांबच असते, सर."

चौथं वाक्य आलं. साहेब ते बोलताना थेट माणसांकडे बघत होते, आवाज खाली आलेला. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. दोस्त तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे त्याची प्रेस, कपाळाला कुंकू लावल्यासारखी. मी ते वाक्य गाळलं. त्याच्या जागी म्हणालो, "साहेब म्हणतात, ही यंत्रं आपली आई आहेत, तिला विसरू नका!"

टाळ्यांनी शेडचा पत्रा हलला.

साहेबांचे डोळे भरून आले होते. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझा हात हातात घेतला. "मला वाटलं होतं चिडतील. एवढ्या समजूतदारपणे घेतलं!" त्याच संध्याकाळी त्यांनी मुख्य ऑफिसला कळवलं की कामगारांना सगळी कल्पना दिली आहे आणि त्यांनी ती शांतपणे स्वीकारली आहे. ते पत्र टाइम ऑफिसातूनच रवाना झालं. पाकिटावर शिक्का मी मारला.

दुसऱ्या दिवशी दसरा. शहापूरच्या बाजारात दोस्त भेटला, दोन्ही मुली बरोबर. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणाला, "सोनं घे. ठरलं माझं. ऱ्हातो."

"अजून चार दिवस आहेत," मी म्हणालो. "नीट विचार कर."

"इचार कसला? सायबाने सांगितलं ना? बायको तोंड फुगवून बसली. मी बोललो, सायेब सगळ्यांच्या समोर बोलला, तो काय खोटं बोलंल?"

मुली फुगे मागत होत्या. त्याला बाजूला घेऊन चार वाक्यं सांगायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मी मुलींना फुगे घेऊन दिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मॅनेजरांनी मला बोलावून एक पत्र दिलं. डायरेक्टरसाहेब माझ्यावर फार खूश होते. कर्मचाऱ्यांशी संवाद असं एक नवीन टेबल काढलं होतं आणि त्यावर मला बढती दिली होती. खुर्चीला हात होते. संध्याकाळी बसमधे ते पत्र माझ्या खिशात आणि रेल्वेचं पत्र त्याच्या. त्याने आपलं बाहेर काढलं, चार घड्या केल्या, पुन्हा उलगडलं.

"आज गेलो असतो तर हजर करून घेतला असता," तो म्हणाला. मग हळू आवाजात विचारलं, "नाटक्या, मस्करी नाय करत. सायेब खरंच तसा बोलला ना?"

मी त्याच्या अर्ध्या बोटांकडे बघत म्हणालो, "बोलला."

त्याने पत्र खिशात ठेवलं. किन्हवली आल्यावर उतरला आणि बसवर थाप मारली, रोजच्यासारखी.

दिवाळी झाली, भात कापून झाला. एका सकाळी गेटमधून तीन लांबलचक ट्रेलर आत आले आणि बाहेरची माणसं पान्हे घेऊन प्रेसचे बोल्ट सोडायला बसली. आमची माणसं आधी मदतीला धावली. खरं सांगतो, मदतीला धावली! जुनी जाते, नवी येते, म्हणून. दोस्त तर त्यांना ओरडून सांगत होता, साखळी अशी नका लावू, तशी लावा. दुपारपर्यंत चार प्रेस गेल्या. मग कुणीतरी ट्रेलरवाल्याला विचारलं, नव्या कधी आणणार? तो म्हणाला, "कसल्या नव्या?"

साहेब शेडमधे आले तेव्हा काम थांबलं होतं आणि माणसं त्यांच्याभोवती जमली होती. ते गोंधळून गेले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैं बोला था. पूजा में बोला था."

दोस्त पुढे झाला. "साब, आपने बोला नया आयेगा."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी येत नव्हती, पण त्या क्षणी त्यांना सगळी मराठी आली. ओरडले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांचा प्रत्येक कागद भाषांतराला कल्याणला जायचा आणि माझ्या टेबलावर काहीही यायचं नाही. जोडणीच्या जागा पुढच्या शेडमधल्या, ते काम आधीच करणाऱ्या लोकांनी केव्हाच भरल्या होत्या. प्रेसशॉपमधल्या कुणी नावं दिलीच नव्हती. का देतील?

ट्रेलर आले त्याच संध्याकाळी दोस्ताने मला वाटेत सरळगावला बसमधून उतरवलं. हाताला धरून. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसवलं.

"बोल. सायेब बोलला तसं बोल. तुझं नको, त्याचं."

मी बोललो. चार वाक्यं, साध्या शब्दांत, काही न घालता, काही न काढता. चहा यायच्या आत संपली.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"हे तर मला समजलं असतं रे." त्याने ग्लास खाली ठेवला. मारेल म्हणून मी वाट बघत होतो. "आता घरी चल," तो म्हणाला. "माझ्या बायकोला सांग. दोन महिने ती मला बोलते आन् मी तिला बोलतो, सायबाने सांगितलं. तिच्यासमोर मी खोटा पडलोय. तू सांग."

वहिनी ओसरीवर सुपाने भात पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी उभ्या उभ्या तीच चार वाक्यं पुन्हा सांगितली. चौथं सांगताना सूप थांबलं.

"ते परत सांगा, भाऊजी."

मी परत सांगितलं. ज्याच्या हातात दुसरी नोकरी असेल त्याने ती जरूर घ्यावी.

"मंग मांडवात का नाय बोलले?"

"पूजा होती, वहिनी. यंत्रासमोर तसलं..."

"यंत्राला वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "उद्या कसाऱ्याला जा. इचारून ये."

"अगो, तारीख गेली. दोन महिने झाले."

"जा, सांगते ना. आन् यांना बरोबर ने. यांना इंग्रजी येतं."

म्हणून आम्ही गेलो. ऑफिसातल्या टेबलामागे एक वयस्कर कारकून स्वेटर घालून बसला होता. दोस्ताने घड्यांवर फाटत आलेलं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. मी तोंड उघडलं, काहीतरी रचून सांगणार होतो, आजारपण, घरातलं मरण, माझ्याकडे खूप होतं. दोस्ताने हात आडवा केला.

"मला कोनीतरी सांगितलं कंपनी ऱ्हानार, म्हनून नाय आलो," तो कारकुनाला म्हणाला. "आता काय व्हईल का?"

कारकुनाने चष्मा लावून पत्र पूर्ण वाचलं. उठून कपाटातून रजिस्टर काढलं, पान शोधलं आणि ते दोस्ताला वाचता येईल असं फिरवून त्याच्यापुढे धरलं.

"हे तुमचं नाव. मुदत संपली म्हणून इथे रेघ मारलीय. यादीत तुमच्या खालचा जो होता तो रुजू झाला, ही त्याची सही. आता या भरतीत तुम्हाला जागा नाही, आणि पुढच्या भरतीला तुमचं वय बसणार नाही. वर अर्ज करून उपयोग नाही, फेऱ्या मारू नका. वाईट वाटतं, पण असं आहे."

दोस्ताने रेघेवर बोट ठेवलं, अर्धं. मग त्याने हात जोडले.

"तुमी नीट सांगितलंत, सायेब," तो म्हणाला. "लय बरं झालं."